रोमिओचं पत्र आणि आमच्या बाई

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून मेसेज आला आणि खरं सांगतो, शाळा म्हटलं की मला मराठीच्या बाईंशिवाय दुसरं काही आठवेचना. नाव लिहायची गरज नाही, आपल्याकडं नुसतं 'बाई' म्हटलं की सगळ्यांना कळतं. बाकीच्या सरांनी राग मानू नये.

१९९० चा पावसाळा, मी नववी ब मध्ये. आपल्या बेळगावकडच्या खानापूरचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, कौलांवर असा आवाज की शिकवलेलं ऐकूच यायचं नाही, मग बाई पुस्तक मिटायच्या, सगळ्यांना पुढं सरकवून घ्यायच्या आणि गोष्ट सांगायच्या. त्या आठवड्यात शेक्सपिअरचं नाटक, रोमिओ-ज्युलिएट सांगितलं. ज्युलिएटला चौदावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं, म्हणजे तुमच्याच वयाची, असं म्हणाल्या आणि मुलींच्या बाजूला एकदम चिडीचूप. भेट, लग्न, मरण, सगळं पाच दिवसांच्या आत. गोष्ट झाली की बाईंचं ठरलेलं, 'सारांश नको, तुला काय वाटलं ते लिहून आण.' आता मला काय वाटलं हे कुठल्या गाईडात मिळणार?

मला राग आला होता. प्रेमाबिमाचं काही नाही, राग त्या पत्राचा. दोघांचं गुपचूप लग्न लावणारा पाद्री लॉरेन्स हद्दपार झालेल्या रोमिओला कळवतो की ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं निपचित पडलीय. पण ते पत्र घेऊन निघालेला दुसरा पाद्री प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, आणि साथीच्या भीतीनं पत्र परत न्यायलासुद्धा कुणी तयार होत नाही. इकडं रोमिओचा नोकर मात्र ती मेल्याची बातमी घेऊन मांटुआला, रोमिओ राहत असलेल्या गावी, वेळेत पोचतो. खोटी बातमी पोचली आणि खरं पत्र वाटेतच राहिलं!

माझे बाबा पोस्टमन. जांबोटीकडच्या वाड्यांवर जायचे, प्लॅस्टिकची खोळ पांघरून, नाल्याला पाणी आलं तर ओसरेपर्यंत काठावर बसून राहायचे पण पत्र दिल्याशिवाय परत यायचे नाहीत. पत्ता मराठीत असो, कन्नडमध्ये असो की इंग्लिशमध्ये, ते वाचायचे. मी लिहिलं की हे पत्र माझ्या बाबांकडं असतं तर दोघंही वाचली असती. रात्री त्यांना ते वाचूनही दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'एवढं जरुरीचं पत्र एकाच माणसाच्या हाती का दिलं रे? दोघांना दोन वाटांनी धाडायचं.' मग मला वही भिजवू नकोस म्हणून झोपायला गेले. तेही मी वहीत घातलं.

बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, कुणी हसलं नाही. खाली लाल शाईनं लिहिलेलं, 'वडिलांचं बरोबर आहे. आता दाईबद्दल लिही.' दाई म्हणजे ज्युलिएटला अंगावर पाजून वाढवणारी, तिची स्वतःची मुलगी गेलेली. शेवटच्या प्रसंगात ती कुठंच नाही. ज्युलिएट गेल्यावर तिनं काय केलं ते नाटकात येतच नाही. मी ते लिहिलं नाही. त्या वयात मला मेलेल्या दोघांचंच वाईट वाटलं होतं.

त्याच वर्षी बाईंनी इंदिरा संतांच्या कविता वाचल्या. या आपल्या बेळगावातच राहतात म्हटल्यावर आम्ही बघतच राहिलो, आम्हाला वाटायचं कवी म्हणजे पुण्या-मुंबईचेच. १९४० साली नवरा-बायकोचा मिळून 'सहवास' हा कवितासंग्रह, १९४६ ला नवरा, ना. मा. संत गेले आणि १९५१ ला इंदिराबाईंचा एकटीचा 'शेला'. बाई म्हणाल्या, ज्युलिएट खंजीर खुपसून घेऊन सुटली रे, यांना पोरं वाढवायची होती आणि शिकवायलाही जायचं होतं. हे म्हणताना त्या खिडकीकडं बघत होत्या. बाईंच्या घरचं आम्हाला तेव्हा काही माहीत नव्हतं.

मी आता पुण्यात बँकेत आहे, ब्रँच मॅनेजर झालो, त्यातला मोठा वाटा बाईंचाच, कारण समोरच्या माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायचं हे मी त्या तासाला शिकलो. माझ्या मुलीनं हेच नाटक परीक्षेसाठी पॉइंट्स पाठ करून संपवलं, तुला काय वाटलं असं तिला कुणी विचारलंच नाही. आपल्या भागात मराठी माध्यमाचे वर्ग कमी होतायत हे ऐकलं की जीव तुटतो.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. आई पुण्याला यायला तयार नाही. पावसाळा लागला की ती बाबांची खाकी पिशवी चुलीवरच्या दांडीला वाळत घालते, पूर्वी ते भिजून आले की घालायची तशी. पिशवी कोरडीच असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी काही बोललो नाही, नुसता मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. त्या वेळी मला दाई आठवली.

गेल्या गणपतीत ट्रंकेत ती वही सापडली, लाल शाई अजून वाचता येते. त्याच ओळीखाली मी दाईबद्दल लिहिलं, चार पानं झाली, त्यात आईच जास्त आलीय. महोत्सवाला वही घेऊन येतोय. बाईंना आता नीट दिसत नाही असं कळलंय, त्यामुळं कार्यक्रम संपला की त्यांच्या घरी जाऊन मीच वाचून दाखवणार आहे.