कुर्ला ते सीएसएमटी, रोजचंच

आज सकाळी लोकल सँडहर्स्ट रोडच्या अलीकडे वीस मिनिटं थांबली. पंखेही बंद. लेडीज डब्यात समोरच्या मावशी मांडीवर पिशवी उघडून मेथी निवडत होत्या. पिवळी पानं वेगळी, कोवळे देठ वेगळे. "बस गं जरा," म्हणत त्यांनी सरकून तिघींच्या बाकावर मला चौथी सीट दिली.

टेकले आणि वर ओव्हरहेड वायरकडे लक्ष गेलं. देशातली पहिली विजेवरची गाडी याच हार्बर मार्गावर धावली, ३ फेब्रुवारी १९२५ ला, तेव्हाच्या व्हीटीहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीहून, कुर्ल्यापर्यंत. चार डबे, १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. ती डीसी वीज या मार्गावर एप्रिल २०१६ पर्यंत टिकली, म्हणजे माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षं मी त्याच विजेवर ये-जा केली! हे कळल्यापासून हा प्रवास मला फार आपला वाटतो.

मावशींना सांगितलं तर हातातली जुडी तशीच ठेवून म्हणाल्या, "शंभर वर्षं? माझी सासू याच गाडीने भायखळ्याला भाजी आणायला जायची."

डॉकयार्ड रोडला उतरून ती भायखळ्यापर्यंत चालत जायची म्हणे, डोक्यावर पाटी घेऊन. तेवढ्यात पंखे फिरले. ऑफिसात लेटमार्क लागला, पण दिवसभर ती पाटीच डोळ्यांसमोर होती. उद्या मावशी भेटल्या की सासूबाईंचं नाव विचारणार आहे.