क्रॉसबोसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना

२०१९ च्या मे महिन्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या खांद्याचा एमआरआय बघितला आणि म्हणाले, यंदा धनुष्य ओढायचं नाही. मी न्यूयॉर्क राज्यात, वेस्टचेस्टर काउंटीत राहते. आठ वर्षं कम्पाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य, घेऊन हरणांच्या मागे जात होते. तिथे मोठ्या शिकारीसाठी धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, किमान ३५ पाउंड हवी, आणि माझ्याकडून वीसही ओढवत नव्हते.

मग क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून घोडा ओढायचं आडवं धनुष्य, घेऊ म्हटलं. त्याची दोरी हँडल फिरवून चढवता येते, खांद्याला त्रास नाही. शेवटी बाणच सुटतो दोन्हींतून! इतकं सोपं वाटलं होतं मला.

कायद्याच्या लेखी मात्र क्रॉसबो हे धनुष्यच नव्हतं. राज्यात धनुष्याच्या हंगामात तो चालू झाला २०१४ साली, तोही हात राखून. दक्षिण विभागातला धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी बंदुकीचा नेहमीचा हंगाम लागेपर्यंत चालतो. त्यातले फक्त शेवटचे १४ दिवस क्रॉसबोला होते. म्हणजे त्या वर्षी २ ते १५ नोव्हेंबर. गंमत पुढे आहे. त्या १४ दिवसांसाठी माझा धनुष्याचा परवाना कामाचा नव्हता, लागत होता मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा! जन्मात कधी दारू ठासली नाही, पण खिशात परवाना तो. परवान्याच्या खिडकीवरच्या माणसाला मी दोनदा विचारलं. "मॅडम, सगळेच दोनदा विचारतात," तो म्हणाला.

धनुष्यवाल्या शिकाऱ्यांचा क्रॉसबोला विरोध का, हे मला आठ वर्षांच्या अनुभवामुळे पटत होतं. हरीण वीस यार्डांवर आलेलं असताना धनुष्य ओढायचं म्हणजे हात हलणारच, आणि ते हलणं हरणाला दिसतं. ओढून धरलं की दंड थरथरतात. क्रॉसबोची दोरी पहाटेच चढवून ठेवलेली असते. दुर्बीण, घोडा, दाबलं की झालं. हा फरक मी तरी नाकारणार नाही. पण दुखऱ्या खांद्याच्या बाईसाठी वेगळी वाट हवी होती, असंही मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

माझा हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स २०१४ च्या आधीचा. त्यात क्रॉसबो नव्हता, म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून त्याचा दाखला छापायचा, सही करायची आणि रानात जाताना जवळ ठेवायचा. एका संध्याकाळचं काम. यात तक्रार नाही, कारण त्यातली एक गोष्ट मला खरंच ठाऊक नव्हती: घोडा ओढताना पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत आला तर तो जातो. बाण न लावता घोडा ओढला तर क्रॉसबोच्या पात्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे वाकणारे बाहू, फुटू शकतात, हे मात्र माहीत होतं. धनुष्याचंही तसंच असतं.

खरी फजिती खरेदीत झाली. एका दुकानातून नवा, अगदी अरुंद बनावटीचा क्रॉसबो आणला. झाडाच्या मचाणावर असा सुटसुटीत बरा. घरी येऊन नियमपुस्तिका उघडली. ओढ १०० ते २०० पाउंड, सेफ्टी (घोडा अडवून ठेवणारा खटका) न बिघडलेली, बाण टोक वगळून किमान १४ इंच, एकूण लांबी किमान २४ इंच. आणि पात्यांची रुंदी किमान १७ इंच. शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजलं, माझा साडेदहा भरला! विकणाऱ्याने चकार शब्द काढला नव्हता. परत घेतला, पण त्यासाठी मला दोन खेपा घालाव्या लागल्या. मग जुन्या पद्धतीचा, १५० पाउंडाचा, रुंद पात्यांचा एक वापरलेला घेतला. बाणांच्या टोकांची पाती जुनीच चालली: पाऊण इंचाहून थोडी जास्त, म्हणजे ७/८ इंच रुंदी आणि किमान दोन धारा एवढंच हवं होतं.

त्यानंतर कळलं की वेस्टचेस्टरमध्ये क्रॉसबो चालतच नाही. ही काउंटी हरणांसाठी फक्त धनुष्याची. तिथे धनुष्याचा हंगाम ३१ डिसेंबरपर्यंत असतो, पण आडवं धनुष्य वर्ज्य होतं. घराच्या मागच्या रानात पहाटे हरणं माझी होस्टाची झाडं खाऊन जात होती आणि मी क्रॉसबो घेऊन खिडकीत बसलेली.

उत्तरेला पुटनम काउंटीत एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची जमीन होती. त्यांनी होकार दिला. तिथेही मोजणी आलीच. शेजाऱ्याच्या घरापासून क्रॉसबोला २५० फूट लांब राहावं लागतं, साध्या धनुष्याला १५० आणि बंदुकीला ५००. त्यांनी दाखवलेलं ओकचं झाड २०० फुटांवर निघालं. शेजाऱ्याची परवानगी मागता आली असती, पण त्याच्याशी यांचं कुंपणावरून वाजलेलं होतं. मचाण ओढ्यापलीकडे नेलं.

या धांदलीत आईचा पुण्याहून फोन. "अगं, शिकार म्हणजे तुरुंग ना?" आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तसंच आहे, तिचं चुकलं नाही. मी म्हटलं, इथेही तुरुंगापर्यंत जाता येतं, फक्त वाटेत कागद जास्त.

९ नोव्हेंबरला, शनिवारी, मी पट्टा बांधून मचाणावर बसले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे हरणावर बाण सोडता येई तो सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात. सूर्यास्त पावणेपाचच्याही आधी. दिवसभर खारी. सूर्य मावळून पाच-सात मिनिटं झाली असतील, आणि ओढ्याकडून एक नर आला. तीन इंचांची शिंगं असली तरी कायद्याने नर मानतात, याची तर फांद्यांसारखी होती. पंचवीस यार्ड. उजेड भरपूर होता, दुर्बिणीतून पापणी दिसत होती. मी सेफ्टीला हात लावला नाही. तो माझ्याच झाडाखाली ओकची फळं चावत उभा राहिला, आणि मी घड्याळाकडे बघत.

तो गेल्यावर खाली उतरले. माझ्या क्रॉसबोची चढवलेली दोरी हाताने सोडता येत नाही, म्हणून जुना बाण लावून फोमच्या ठोकळ्यात मारला आणि क्रॉसबो रिकामा केला. दिवसातला तेवढाच एक बाण.

१६ तारखेला बंदुकीचा हंगाम लागला. त्यात क्रॉसबोला ठासणीचा परवाना लागत नाही, साधा २२ डॉलरचा शिकारीचा परवाना पुरतो. पुढे दोन शनिवार गेले, काही मिळालं नाही. हे सगळं २०१९ चं. नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिकाच बघा, आणि दुकानात जाताना टेप न्या.