'नाही' लिहायचं तर आधी शोधावं लागतं

सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात मी निवृत्तिवेतनाची प्रकरणं तपासते. सेवापुस्तक, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, पानोपानी वाचायचं: जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का, वेतननिश्चितीवर सही आहे का, सेवेत कुठे खंड आहे का. वर्षानुवर्षं हेच केलं की डोळे ओळींवरून फिरतात, मन मात्र दुसरीकडे असतं. नणंदेजवळ हे बोलले. ती वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणाली, "वहिनी, एक झाड धरा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी बघा आणि दिसेल तेवढंच लिहा."

आमच्या आवारात बहावा आहे. बुधवारी डबा झाला की त्याच्याखाली जाऊन उभी राहू लागले. चहावाले काकाजी विचारायचे, "काय पाहून राहिले जी मॅडम?" सांगण्यासारखं काही नसायचं. वहीत "झाड हिरवं" यापुढे काही उतरतच नव्हतं.

मग नणंदेनं रकाने पाडून दिले: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, हिरव्या शेंगा, काळ्या शेंगा. प्रत्येकापुढे "नाही", "थोडं" किंवा "बरंच". तिथून बघणं सुरू झालं. कारण "कळ्या: नाही" असं लिहायचं तर आधी फांदी न् फांदी धुंडाळावी लागते.

उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडली आणि एप्रिलच्या अखेरीस पिवळे घोस सुटले. घोसात देठाकडची फुलं आधी उमलतात, टोकाच्या कळ्या सगळ्यांत शेवटी, त्यामुळे दोन्ही रकाने एकदमच भरतात. खाली पडलेलं एक ताजं फूल तळहातावर घेतलं. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. त्यातले तीन लांबलचक, बाहेर येऊन वर वळलेले. इतकी वर्षं मी बहावा म्हणजे नुसता पिवळा रंग समजत होते! वर त्याच फांदीला काळ्या शेंगाही लटकत होत्या. त्या आदल्या उन्हाळ्यातल्या फुलांच्या. बहाव्याची शेंग पिकायला जवळपास वर्ष घेते. पुढे पावसाळ्यात कोवळ्या पानाच्या शिरेवर, पानाच्याच रंगाची अळी सापडली. तिला रकाना नव्हता, समासात लिहिली.

कामात याचा उपयोग होईल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. पण सेवापुस्तकात जे लिहिलेलं असतं ते कुणालाही दिसतं. घोळ होतो तो न लिहिलेल्याचा. एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंदच नसते, किंवा असाधारण (बिनपगारी) रजा लिहिलेली असते पण ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर होती का, याचा उल्लेख नसतो. ती सेवा निवृत्तिवेतनासाठी धरायची की नाही, हे बरंचसं त्या उल्लेखावर ठरतं. कोऱ्या जागेवर नजर आपसूक थांबत नाही. तिला नावानं विचारावं लागतं. म्हणून मी प्रत्येक प्रकरणासाठी तसेच रकाने आखून एक चिठ्ठी केली आणि पुस्तकाला टाचू लागले. प्रकरणाला वेळ जास्त लागतो, हे खरं आहे. पण पलीकडे कुणाचं तरी महिन्याचं घर चालायचं असतं, तेव्हा तो वेळ मला द्यावासा वाटतो.

आता शेजारच्या टेबलावर नवी मुलगी रुजू झाली आहे. तिनं परवा चिठ्ठी मागून घेतली आणि खाली स्वतःच्या हातानं एक रकाना वाढवला: "खाडाखोड, सहीसह की सहीविना".