पोराला फादरच्या शाळेत टाकू का?

केळीचे पैसे हातात आले की आमच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, सावदा, फैजपूर, यावल साइडला, घरात दोन विषय हमखास निघतात, एक ट्रॅक्टर बदलायचा आणि दुसरा पोराची शाळा बदलायची. यंदा नंबर चुलतभावाचा. "तू शिकला ना भो तिथं, मंग सांग, त्याले फादरच्या शाळेत टाकू का?" फोनवर काय सांगणार, त्याला हो किंवा नाही एवढंच पाहिजे होतं, आणि माझ्याकडे तसं एका शब्दातलं उत्तर नाही. म्हणून सावकाश लिहून काढतोय, त्याने वाचावं आणि ज्यांच्या घरात हा विषय चालू असेल त्यांनीही वाचावं.

पहिले एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे क्रॉस दिसला की ती 'कॉन्व्हेंट', मग ती कोणाचीही असो. देवळालीची बार्न्स (१९२५ ची) किंवा पुण्याची बिशप्स, ह्या अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, कॅथलिक नव्हेत. पुण्यातली सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची आणि लोयोला १९६१ ची, ह्या दोन्ही जेझुइट ह्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या फादरांच्या, मुलांच्या शाळा म्हणून नाव कमावलेल्या. डॉन बॉस्को म्हटलं की सेलेशियन ह्या दुसऱ्या संघाचे फादर. प्रत्येक संघाची शिस्त वेगळी, स्वभाव वेगळा. मी ज्या शाळेत होतो तिचं नाव लिहीत नाही, कारण खाली दोनचार कडू गोष्टी येणार आहेत आणि बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला भांडण नकोय. एवढंच की फक्त पोरांची, होस्टेलवाली, आणि आमच्या गावापासून रात्रभराच्या रेल्वेइतकी लांब. काळ नव्वदच्या दशकातला.

ॲडमिशनला इंटरव्ह्यू असायचा आणि तो पोराचा कमी, आईबापाचाच जास्त. आप्पा दहावी, आई सातवी. घरून निघताना आप्पांनी नवीन पांढरा शर्ट घातला होता, भुसावळपासून पुण्यापर्यंत महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये तो चुरगळू नये म्हणून ते रात्रभर ताठ बसून होते, आडवे झालेच नाहीत. बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी बसलेले लोक आपापसात इंग्लिशमध्ये बोलत होते, आई पदर सारखा करत होती आणि मला वाटत होतं आपण आत्ताच्या आत्ता उठून परत जावं.

आत गेलो तर प्रिन्सिपल फादर निघाले वसईचे. दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बोलले, आप्पांचा चेहरा बघितला आणि सरळ मराठीत आले. धंदा काय? केळी. कोणती लावता? बसराई, थोडी श्रीमंती. मग फादर खुर्चीत पुढे सरकले, म्हणे आमच्या घरी राजेळी, तिची सुकेळी करतात, उन्हात वाळवून वाळलेल्या पानातच बांधून ठेवतात. आप्पांना हे पटेचना. "वाळवता? केळं वाळवता? अन् मंग ते खाता?" आमच्याकडे घड हिरवा असतानाच वॅगनमध्ये भरून दिल्लीकडे रवाना, पिकलेलं केळं शेतात राहिलं म्हणजे नुकसान. पुढची बरीच मिनिटं दोघं घडाचं वजन, पाणी, वारा ह्यावरच बोलत होते आणि मला एक प्रश्नही विचारला नाही. ॲडमिशन झालं. आप्पा आजही सांगतात, माझ्या पोराचं ॲडमिशन केळीने केलं.

पण खरं सांगायचं तर शाळेच्या आत आप्पांना कोणी माणूस म्हणून बसवून घेतलं ते त्या एका दिवशीच. ते फादर वर्षभरात बदलून गेले. नंतर जे आले ते चांगलेच होते, पोरांसाठी जीव टाकायचे, पण पालक म्हणजे त्यांच्या लेखी फीची पावती आणि रिपोर्टकार्डावरची सही. ओपन डेला रांगेत उभं राहायचं, सर इंग्लिशमध्ये तीन वाक्यं बोलणार, आप्पा मान डोलावणार, बाहेर आल्यावर मला विचारणार, "काय म्हने तो?" आणि मी त्यातलं सोयीचं तेवढंच सांगणार. वर्गातल्या कितीतरी पोरांनी हा धंदा केला असणार. शाळेला हे कळत नव्हतं असं नाही. शाळेला त्याची गरज वाटत नव्हती, एवढंच.

आता धर्माचं. गावात सगळ्यांना हीच भीती, पोराला बाटवतील. आजी वारकरी, दरवर्षी मुक्ताईला कोथळीला जाणारी, तिने तर दोन दिवस जेवण सोडायची धमकी दिली होती. प्रत्यक्षात झालं काय, तर सकाळी असेंब्लीला 'आवर फादर' सगळ्यांनी म्हणायची, ती मला आजही झोपेत म्हणता येते. जेवणाआधी प्रार्थना, मी मनातल्या मनात 'वदनी कवळ घेता' म्हणून घ्यायचो, कोणी तपासत नव्हतं. कॅथलिक पोरांना कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा तास, त्याच वेळी आम्हाला मॉरल सायन्स. राज्यघटनेच्या २८ व्या कलमातच आहे की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणाला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे मला फार नंतर कळलं. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, आम्हाला सक्ती नव्हती, रविवारी सकाळी आम्ही अंथरुणात लोळत असायचो आणि कॅथलिक पोरं थंड पाण्याने तोंड धुऊन चॅपलला, जाता जाता आम्हाला शिव्या. आमच्या बॅचमध्ये बाटला कोणी नाही. उलट ख्रिसमसला सुटी लागायच्या आधी येशूच्या जन्माचा गोठा करायच्या स्पर्धेत आमच्या डॉर्मिटरीने जो गोठा केला तो आमच्या गावच्या गोठ्यासारखा होता, गव्हाणीत ज्वारीचा कडबा आणि दाव्याला बांधलेला खिल्लारी बैल, चिकणमातीचा. फादर खूप हसले पण नंबर दिला.

भाषेचं मात्र जे होतं ते मला आजपण आवडत नाही. टोकन नावाची भानगड होती. मराठी किंवा हिंदी बोलताना जो सापडेल त्याच्या हातात लाकडाचा एक तुकडा द्यायचा, त्याने तो खिशात ठेवायचा आणि दुसरा कोणी बोलला की त्याच्या माथी मारायचा, संध्याकाळी ज्याच्या खिशात तुकडा त्याला शिक्षा. म्हणजे पोरंच पोरांवर पाळत ठेवायची. माझी बोली म्हणजे लेवा बोली, 'मले', 'तुले', 'त्याले', ती तर मराठी पोरांनाही हसायला मिळायची, त्यामुळे माझा खिसा जवळपास कायम भरलेला. सहा महिन्यांत मी इंग्लिश बोलायला लागलो हे खरं आहे, आणि दिवाळीत घरी आलो तर आजीशी बोलताना अडखळायला लागलो हेही खरं आहे. कमाल अशी की ज्या जेझुइटांचं नाव ह्या शिस्तीसाठी घेतात त्याच संघाच्या फादर स्टीफन्स ह्या इंग्रज माणसाने सतराव्या शतकात मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६ साली ते छापलंही गेलं. आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ते वसईचेच. एवढं सगळं घरात असताना आमच्या खिशात लाकडाचा तुकडा का, हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. छडी पण होती, हातावर, थंडीत जास्त लागायची. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच मारायला बंदी आहे, तेवढं तरी सुटलं.

ज्यांच्याबद्दल कोणीच लिहीत नाही ते सांगतो, नगरची पोरं. नगर जिल्ह्यात मराठी कॅथलिक गावं आहेत, जुन्या जर्मन जेझुइट मिशनची. तिथली काही पोरं आमच्या होस्टेलला असायची, फीमध्ये सवलत घेऊन. लोकांना वाटतं कॅथलिक शाळेत कॅथलिक पोरं म्हणजे घरचे जावई. कसलं काय. गोव्याची, बांद्र्याची पोरं घरात इंग्लिश बोलणारी, गिटार वाजवणारी, आणि ही बिचारी माझ्यासारखीच भाकरी खाणारी, वडील शेतमजूर नाहीतर मिशनच्या शाळेत शिपाई. मूळचे दलित, पण ख्रिस्ती असल्यामुळे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, म्हणजे चर्चमध्ये मागे आणि सरकारदरबारीही बाहेर. माझी खरी दोस्ती त्यांच्याशीच झाली. त्यातल्या एकाने मला सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेला नेलं होतं, श्रीरामपूर तालुक्यात. लोक पायी येतात, नवस बोलतात, बाया डोक्यावर पदर घेऊन मारियामातेसमोर मेणबत्त्या लावतात आणि बाहेर रेवड्या, फुगे, पाळणा. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणे, "मंग हे तं आपल्यासारखंच झालं." त्यानंतर तिची भीती गेली, मी कितीही समजावलं असतं तरी गेली नसती.

पैशाचं सांगायलाच पाहिजे कारण चुलतभावाने ते विचारलंच नाही, त्याला वाटतं ते आपण बघून घेऊ. फी भरायची जूनमध्ये. आणि केळीवाल्याला मे-जून म्हणजे काय हे रावेरवाल्याला सांगायला नको. मृगबागेचा, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचा माल कापणीला आलेला, घड भरलेले, आणि एका संध्याकाळी वादळ येतं, अर्ध्या तासात सगळी खोडं एका दिशेने आडवी. एका वर्षी असंच झालं. तलाठी पंचनामा करून गेला, मदतीची रक्कम कधी येणार माहीत नाही, आणि शाळेचं पत्र आलं, अमुक तारखेनंतर दंड. ते पत्र इंग्लिशमध्ये, घरात मीच ते वाचून दाखवलं. आईने पाटल्या काढून दिल्या. आप्पांनी शाळेला पत्र लिहावं, हप्ते मागावेत, असं मी सुचवलं, त्यांनी मान हलवली, म्हणे तिथं कोणाला लिहू, ओळखतं कोण आपल्याला. नगरच्या पोरांना सवलत मिळायची कारण त्यांचे गावचे फादर चिठ्ठी द्यायचे. आमच्या गावात चिठ्ठी देणारं कोणी नव्हतं आणि मागायची असते हेही माहीत नव्हतं.

दिलं काय शाळेने, तर बरंच. लायब्ररीचा तास सक्तीचा होता, तो बुडवता यायचा नाही. वक्तृत्वाला प्रत्येकाला स्टेजवर चढावंच लागायचं, थरथरत का होईना. फुटबॉल, चिखलात, पावसाळाभर. संध्याकाळी स्टडी हॉलमध्ये दोन तास पिनड्रॉप बसायची सवय लागली, तिच्यावर मी इंजिनिअरिंग काढलं. एक वयस्कर ब्रदर, म्हणजे संघातले पण फादर नसलेले, होते, गणित शिकवायचे नाहीत, बागकाम बघायचे, पण आजारी पोराजवळ रात्रभर खुर्ची टाकून बसायचे. मला मलेरिया झाला तेव्हा त्यांनी गावच्या एसटीडी बूथवर स्वतः फोन करून मोडक्या हिंदीत आईला सांगितलं, बच्चा खाना खाता है. आई त्या एका वाक्यावर आठ दिवस काढू शकली.

फक्त पोरांची शाळा, ह्याचं मी मनापासून कौतुक करू शकत नाही. दहावीपर्यंत मुलीशी बोलायची वेळ आली ती फक्त फेटच्या, म्हणजे शाळेच्या जत्रेच्या दिवशी लिंबूसरबताच्या स्टॉलवर, आणि तिथे पण आम्ही सुटे पैसे मोजण्यात जास्त रस दाखवायचो. ज्युनिअर कॉलेजला गेलो तर बाजूच्या बाकावर मुलगी बसली की घाम. जी पोरं बहिणींमध्ये वाढली होती ती सावरली, बाकीची बरीच वर्षं येडछापपणा करत राहिली, टिंगल, शिट्ट्या, सगळं. आता काही जुन्या मुलांच्या शाळा मुलींना घ्यायला लागल्यात, मला तरी ते बरं वाटतं.

तर चुलतभावाला आता मुद्द्याचं. शिक्षण हक्काच्या २५ टक्के कोट्यातून तिथं नंबर लागेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्यातून बाहेर आहेत. संस्थेला स्वतःच्या समाजाच्या पोरांना आधी घ्यायचा हक्क आहे, त्यात रागवण्यासारखं काही नाही, घटनेचं तीस नंबर कलम वाच. ॲडमिशनच्या दिवशी शाळा बघू नको, त्या दिवशी सगळेच गोड बोलतात. साध्या मंगळवारी जा, धुळीचे चप्पल घालूनच जा, आणि वहिनीला घेऊन जा, तिच्याशी कोणी मराठीत बोलतं का ते बघ. होस्टेलच्या पोरांना घरी फोन आठवड्यातून किती वेळा देतात ते पोरांनाच विचार, ऑफिसला नको. आणि जूनचा हप्ता ऑगस्टात चालेल का ते फॉर्म भरायच्या आधी विचारून लेखी घे, वादळ पडल्यावर विचारलं तर नियमाचा कागद पुढे करतील.