कीटकांचे मॅक्रो फोटो: आधी प्रकाश, मग लेन्स

मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून मोठे फोटो काढताना, नवख्यांचे बहुतेक फोटो बिघडतात ते फोकसमुळे, आणि त्याचं मूळ प्रकाशात असतं. १:१ मोठेपणाला (किडा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावर, खऱ्या आकाराचा उमटतो तेव्हा) एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभराचा पट्टा स्पष्ट येतो. मग एफ/२२ का नको? कारण इतक्या जवळून एफ/११ हेच प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं. त्यापुढे छिद्र बारीक केलं की विवर्तनामुळे (लहान छिद्राच्या कडेला प्रकाश पसरल्याने) डोळ्यांवरची जाळी आणि केस पुसट होतात.

एवढ्या लहान छिद्रातून प्रकाश कमी येतो, म्हणून फ्लॅश हवाच. सुरुवातीला मॅन्युअल मोड, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २००, फ्लॅश १/८ किंवा १/१६ शक्तीवर. कमी शक्तीवर फ्लॅशचा लखलखाट फार क्षणिक असतो, त्यामुळे हाताची थरथर गोठते. मात्र उघडा फ्लॅश भुंग्याच्या पाठीवर पांढरे डाग पाडतो. डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) मोठा हवा आणि किड्याच्या शक्य तितका जवळ. इथे कंजूषी करू नका.

ऑटोफोकस बंद. मोठेपणा आधी ठरवा, कोपरं टेकवा आणि अख्खं शरीर अगदी हळू पुढे नेत डोळा स्पष्ट दिसताक्षणी बटण दाबा. चतुर किंवा फुलपाखरू बाजूने टिपताना सेन्सर त्याच्या अंगाला समांतर ठेवला तर तोच अरुंद पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत पुरतो.

पहाटे गारव्यात कीटक सुस्त असतात. जवळ जाताना तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, फांदीला धक्का लावू नका. स्थिर फोटोसाठी किड्याला फ्रिजमध्ये ठेवणं तर सरळ क्रूरपणा आहे.