याच महाविद्यालयात का?

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज करताना आधी स्वतःविषयीचा मोठा निबंध लिहावा लागतो. एएमसीएएस या सामायिक अर्जप्रणालीत त्याला ५,३०० अक्षरांची मर्यादा असते आणि तोच मजकूर निवडलेल्या सगळ्या महाविद्यालयांकडे जातो. त्यानंतर उन्हाळ्यात एकेका महाविद्यालयाचा स्वतंत्र दुय्यम अर्ज येऊ लागतो आणि त्यात बहुतेक ठिकाणी एक छोटासा प्रश्न असतो: तुम्हाला आमच्याच महाविद्यालयात का यायचे आहे? ओळखीतली काही मुले आपले मसुदे मला वाचायला पाठवतात. पहिल्या निबंधात जीव ओतणारी हीच मुले या प्रश्नाशी आली की मानपत्र लिहायला बसतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या संस्थेची थोर संशोधनपरंपरा, अत्याधुनिक सुविधा, नामवंत प्राध्यापक, विविध स्तरांतील रुग्ण यांनी मी प्रभावित झालो आहे, असा त्या मानपत्राचा थाट असतो. त्यात खोटे काही नसते. पण आपल्याकडे प्रयोगशाळा आहेत, हे निवड समितीला अर्जदाराकडून कळायची गरज नसते. क्रमवारीतल्या स्थानाचा उल्लेख तर करूच नये. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयानेच जानेवारी २०२३ मध्ये यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या महाविद्यालयीन क्रमवारीसाठी माहिती देणे थांबवत असल्याचे जाहीर केले होते. शुल्कमाफीचेही तसेच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ मध्ये आणि त्याच शहरातील आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाने २०२४ मध्ये आपल्या सर्व विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क माफ केले; ते हवेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण ते प्रत्येकालाच हवे असल्यामुळे त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या गुणांपेक्षा तिच्या अटींमध्ये शोधावे. प्रत्येक अभ्यासक्रम विद्यार्थ्याला काही देतो तेव्हा त्याच्याकडून काहीतरी वसूलही करतो, आणि ती वसुली ज्याला मनापासून चालते त्याचीच आवड खरी वाटते. ड्यूक विद्यापीठात मूलभूत विज्ञानाचा भाग साधारण एका वर्षात संपवतात, दुसऱ्या वर्षी विद्यार्थी वॉर्डांत जातो आणि त्यामुळे तिसरे वर्ष संशोधनासाठी मोकळे होते. तिसऱ्या वर्षाचे कौतुक सगळेच अर्जदार करतात. पहिल्या वर्षाच्या दमछाकीबद्दल मात्र बहुतेक जण चकार शब्द काढत नाहीत. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांची क्रमवारी लावत नाहीत, पण प्रबंध मात्र प्रत्येकाला लिहावाच लागतो आणि ही अट १८३९ पासून आहे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या लर्नर महाविद्यालयातील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात गुण किंवा श्रेणी नाहीत. त्याऐवजी विद्यार्थ्याने इतरांनी दिलेले अभिप्राय साठवायचे, त्यांच्या आधारे आपण कुठे कमी पडतो हे स्वतःच लिहून काढायचे आणि तो पोर्टफोलिओ समितीपुढे ठेवायचा. परीक्षेत पहिला येण्यावरच ज्याची आजवरची सारी उमेद उभी आहे, त्याला हे मुक्त वातावरण सोसेलच असे नाही. तुम्हाला ते सोसेल असे वाटत असेल, तर आजवर कोणाची टीका ऐकून तुम्ही कामाची पद्धत बदललीत ते लिहा. तेवढ्याने उत्तराला अंग येते.

एका मुलीचा मसुदा मला या संदर्भात आठवतो. ती डायलिसिस केंद्रात दुभाषी म्हणून काम करत होती. तेच रुग्ण आठवड्यातून तीनदा येत आणि तीन-चार तास खुर्चीवर बसून राहत. डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे पाण्याचे पथ्य कोणत्या दिवशी मोडले आणि गोळ्या का बंद केल्या, ते हळूहळू तिला सांगू लागले होते. पहिल्या खर्ड्यात यातले काहीच नव्हते, नुसती संस्थेची स्तुती होती. दुसऱ्या खर्ड्यात तिने हार्वर्डच्या, बोस्टनजवळच्या केंब्रिज येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक क्लार्कशिपबद्दल, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाबद्दल, लिहिले. तेथे विद्यार्थी दर काही आठवड्यांनी विभाग बदलत फिरत नाही, तर त्याच रुग्णांच्या मागे वर्षभर राहतो. सलग काही आठवडे शस्त्रक्रियागृहात घालवण्याची संधी या रचनेत मिळत नाही, हे तिने स्वतःहून मांडले आणि तरीही आपल्याला हेच का हवे, याचे उत्तर तिला डायलिसिसच्या खुर्चीजवळच सापडले.

राज्यांच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांची गोष्ट थोडी निराळी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वामी कार्यक्रम वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या पाच राज्यांना डॉक्टर मिळावेत म्हणून चालतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण कार्यक्रमात तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नऊ महिने एकाच छोट्या गावात राहून शिकत. अशा ठिकाणी संशोधनाच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा त्या भागात टिकून राहण्याची तयारी वजनदार ठरते. ती नसेल तर अर्जाचे शुल्क वाचवलेले बरे, असे मी स्पष्ट सांगतो. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या एमएसएआर या माहितीकोशात प्रत्येक महाविद्यालय आपल्या राज्यातील किती आणि बाहेरचे किती विद्यार्थी घेते ते दिलेले असते. निबंधाला हात घालण्यापूर्वी तो आकडा पाहावा.

कधीकधी खरे कारण अगदी घरगुती असते: जोडीदाराची नोकरी त्या शहरात असते किंवा आजारी आईपासून लांब जाणे शक्य नसते. ते लपवण्याचे काही कारण नाही, आणि त्याला तात्त्विक मुलामा देण्याचेही नाही. एका वाक्यात ते सरळ लिहावे आणि उरलेली जागा अभ्यासक्रमाला द्यावी, कारण हजार-दीड हजार अक्षरांच्या उत्तरात ती जागा तशीही फार नसते.