चौकोनात मावेल तेवढंच

फोनमध्ये कॅलेंडर असताना भिंतीवर कागदाचं कशाला, हे मला घरातले सगळे एकेकदा विचारून झालेत. उत्तर साधं आहे, फोन कधी नाही म्हणत नाही. एका दिवसात पंधरा कामं कोंबा, तो बिचारा सगळी घेतो आणि तारखेखाली दोन ठिपके दाखवून गप्प बसतो. कागदावर तसं चालत नाही. माझ्या कॅलेंडरच्या चौकोनात तीन ओळी मावतात, चौथी लिहायला गेलं की अक्षर मुंगीएवढं होतं, पाचवी तर सरळ शेजारच्या बुधवारात घुसते, मग समजायचं की हा दिवस भरला, आता आधी काहीतरी उचलून दुसरीकडे टाका.

महिना संपत आला की मी पुढचं पान काढून बसते. जे हलणार नाही ते पेनने, म्हणजे बिलांच्या तारखा, डॉक्टरची वेळ, मुलांच्या परीक्षा. बाकी सगळं पेन्सिलने, कारण ते हलतंच. कपाट आवरणे हे काम माझ्याकडे गेले चार महिने बाणावर बसून पुढे पुढे चाललंय, त्या बाणांनी कागद खरवडून पातळ झालाय पण कपाट तसंच.

पहिल्या आठवड्यात नुसती देणीच दिसतात. त्याचं वाईट वाटायचं, मग कळलं की कॅलेंडर हा शब्दच देण्यांवरून आलाय. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला कॅलेंडी म्हणायचे आणि व्याज त्या दिवशी चुकतं करायचं असायचं, म्हणून सावकाराची वही ती कॅलेंडेरियम. म्हणजे आपण काही वेगळं करत नाहीये!

खरा वैताग महिनाअखेरीचा. ३१ दिवसांचा महिना शनिवारी सुरू झाला की पाच ओळींत बसत नाही, मग छापणारे २३ आणि ३० एकाच चौकोनात तिरकी रेघ मारून बसवतात, २४ आणि ३१ चं पण तेच. २०२६ चा ऑगस्ट असाच आहे. नेमकी जेव्हा सगळी कामं अंगावर येतात तेव्हा त्या दिवसाला अर्धाच चौकोन, आणि ३० तारखेचं लिहिलेलं २३ लाच करून मोकळं होणारी मी एकटी नसणार.

पण कागदाने मला फसवलं ते फेब्रुवारीत. लीप वर्ष नसलं की फेब्रुवारी बरोब्बर चार आठवड्यांचा, त्यामुळे मार्चचे वार आणि तारखा अगदी तशाच येतात. २०२६ मध्ये दोन्ही महिने रविवारी सुरू झाले. मी पान उलटायचं विसरले आणि काही खटकलंच नाही, गुरुवार आहे, पाच तारीख आहे, चौकोनात लिहिलंय दाताचे डॉक्टर साडेतीन, गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने रजिस्टर दोनदा चाळलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम तुम्ही मागच्या महिन्यात येऊन गेलात की. मी जिभेने दाढ चाचपली, खरंच, सिमेंट भरलेलं होतं.

घरी आल्या आल्या पान उलटलं. मार्चच्या पाच तारखेला माझ्याच अक्षरात, पेनने, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: लायब्ररीची पुस्तकं, आज शेवटचा दिवस. लायब्ररी पाचला बंद होते आणि घड्याळात पाचला दहा कमी होते.